स्पितीत स्थानिक परंपरा अनुभवायला मिळतील असा होमस्टे कोणता?

प्रश्नाखाली तुम्ही थोडं सविस्तर लिहिलंय. दोघंच जाणार, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, गर्दीपासून लांब डोंगरातल्या एखाद्या घरात तीन-चार रात्री राहायचं, आणि घर असं हवं की "संध्याकाळी लोकनृत्य, पारंपरिक वेशभूषा असा काही सांस्कृतिक कार्यक्रम" असेल.

असं घर शोधू नका. सापडलंच तर तिथे राहू नका.

इतकं तोडून बोलायला कारण आहे. मी गुहागर तालुक्यातली. आमच्या घरावर पंधराएक वर्षं "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशी पाटी होती. बाबा गेल्यावर आईने पडवीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. दादाचं आणि माझं शिक्षण त्या दोन खोल्यांवर झालं. त्यामुळे होमस्टे हा शब्द आमच्याकडे यायच्या आधीपासून मला ती गोष्ट आतून, चुलीच्या बाजूने माहीत आहे. २०१८ मध्ये लांगझाला ती पाहुण्याच्या बाजूने पाहिली. तेव्हापासून दादाशी माझा एक वाद चालू आहे. तुम्ही जे विचारलंय, तेच तिथे दादाने विचारलं होतं.

लांगझा हे गाव काझाच्या, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाच्या वर, ४,४०० मीटरच्या आसपास. अडीच कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी त्या गावाच्या खालीच राहतील. मातीची पांढरी घरं, सपाट छपरं, गावाच्या डोक्यावर दरीकडे तोंड करून बसलेली मोठी बुद्धमूर्ती आणि मागे चौ चौ कांग निल्डा हे शिखर, ६,३०३ मीटर. झाड म्हणाल तर जवळपास नाहीच. आम्ही पाच जण होतो: दादा, वहिनी, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, माझा नवरा आणि मी. ऑगस्टअखेरचे दिवस. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला होते म्हणून निघता आलं, नाहीतर कोकणातलं माणूस त्या सुमाराला घर सोडत नाही. नारळी पौर्णिमा मात्र वाटेत येणार होती, म्हणून वहिनीने बॅगेत घरचे दोन नारळ, गूळ आणि लवंगा घेतल्या होत्या.

आम्ही उतरलो ते घर चाळिशीतल्या एका जोडप्याचं, सोबत घरधनिणीची सासू. घरधनिणीला आम्ही दीदी म्हणायचो, सासूला आजी. घरात शिरलं की स्वयंपाकघर हीच मुख्य खोली. मध्यभागी पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं, भिंतींना लागून गाद्या आणि पुढे बुटकी लाकडी चौरंगासारखी टेबलं. शेगडीच्या सगळ्यात जवळची जागा आजींची. आपण कुठे बसायचं ते घरचे खुणेने सांगतात, तिथेच बसायचं. शेगडीकडे पाय करायचे नाहीत, तिच्यात कचरा टाकायचा नाही, खाली ठेवलेला कप किंवा ताट ओलांडायचं नाही. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. चुलीला पाय लागला तर आमची आजी नमस्कार करायला लावायची.

पहिल्याच संध्याकाळी खारट लोणी-चहाचा पहिला घोट घेतल्यावर दादाने यजमानांना विचारलं, "शाम को कुछ कल्चरल प्रोग्राम होगा?" ते गोंधळले. म्हणाले, मटार काढायचे दिवस आहेत, सगळे थकलेले असतात. दादा म्हणाला, पैसे वेगळे देऊ, दोन हजार, आणि निदान दीदींनी पारंपरिक पोशाख घालून छतावर थोडा नाच करून दाखवावा, व्हिडिओ घेऊ. यजमान बायकोकडे बघत राहिले. ती काही न बोलता उठली आणि आतल्या खोलीत गेली.

अर्ध्या तासाने ती छतावर आली. लग्नातला जाड लोकरी पोशाख, गळ्यात चांदी, पोवळी आणि फिरोज्यांच्या माळा. ऊन उतरणीला लागलं होतं, फोटोला उजेड अगदी छान होता. तिने हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून ते पोटाशी एकमेकांत धरले. माझी नजर त्या हातांवरच राहिली. सकाळपासून मटाराच्या शेंगा तोडल्यामुळे बोटांची पेरं हिरवट काळी झाली होती, नखांत माती, अंगठ्याच्या बाजूला चीर पडून त्यात रक्त सुकलेलं. वर चांदीच्या बांगड्या. ती दोन पावलं नाचली, हसली, थांबली. खाली अंगणात शेजारची बाई मटाराच्या पोत्याचं तोंड शिवत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आईचं लुगडं आठवतं का?"

ही गोष्ट सांगायलाच हवी. दादा दहावीत होता आणि मी सातवीत. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या कुटुंबाने उकडीचे मोदक सांगितले होते, एकवीस. आई उकड काढून ठेवत होती तेवढ्यात त्यातल्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, काकू, तुम्ही नऊवारी नेसून मोदक वळताय असा फोटो हवा, कोकणातला वाटेल. आई रोज गोल साडी नेसायची. तिने ट्रंकेतून लग्नातलं लुगडं काढलं, डांबरगोळ्यांचा वास सगळ्या माजघरात पसरला. नेसून आली, पाटावर बसली, फोटो झाले. त्यांनी दोनशे रुपये वर दिले. दादा त्या दिवशी जेवला नाही. विहिरीपाशी बसून राहिला, आणि मी बोलवायला गेले तर म्हणाला, "ती काय नाटकातली बाई आहे का?"

हे वाक्य मी लांगझाच्या छतावर त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ते वेगळं. आणि आईला पैसे मिळालेच ना? हिलाही मिळतील. आपण फुकट काही मागत नाही." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. वहिनी खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी घेऊन हिक्किमच्या पोस्टातून पत्रं टाकायला आणि कोमिकचा मठ बघायला गेला. मी आणि भाचा राहिलो. मी दीदींना विचारलं, शेतावर येऊ का? त्या आधी नको म्हणाल्या, पुन्हा नको म्हणाल्या, तिसऱ्यांदा विचारल्यावर हसून एक टोपली हातात दिली. तिकडे एकदम हो म्हणायची रीत नाही आणि आपण एकदाच विचारून थांबायचीही नाही. आपल्याकडच्या आग्रहासारखंच आहे ते. आपल्याकडे वाढणारा आग्रह करतो, तिथे पाहुण्यालाही करावा लागतो.

मटार हे स्पितीचं रोख पैशाचं पीक. खाली मैदानात या दिवसांत हिरवा मटार नसतो, त्यामुळे भाव मिळतो. जव घरी खायला, मटार विकायला. पाणी वितळत्या बर्फाचं, पाटांनी आणलेलं, आणि कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते गावाने ठरवलेलं. तोडणीला घरोघरच्या बायका आलटून पालटून एकमेकींच्या शेतात जातात. आज तुझं, उद्या माझं. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात, तेच. उकिडवं बसून पुढे पुढे सरकायचं, शेंग भरली की नाही ते अंगठ्याने दाबून बघायचं, देठ न ओढता खुडायची. त्या उंचीवर वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दहा मिनिटांत मला धाप लागली. आजी सत्तरीच्या पुढच्या, त्या न थांबता पुढे गेल्या. खुडताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं जप करतायत. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाची बाई त्याच चालीवर पुढची ओळ म्हणाली, मग तिसरी. गाणं होतं ते. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे नाही, कारण माझे दोन्ही हात शेंगांत होते.

दुपारी बांधावर जेवण. भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे आपलं सातूचं पीठ, चहात मळून त्याचे गोळे. सोबत किटलीत छांग, म्हणजे जवाची घरगुती दारू. ती प्यायच्या आधी आजींनी करंगळीशेजारचं बोट पेल्यात बुडवलं आणि तीन वेळा हवेत थेंब उडवले. मग प्यायल्या. मी बघतच राहिले. आमचे आजोबा जेवायला बसले की पहिल्या घासाआधी ताटाभोवती पाणी फिरवून भाताची चार शितं उजव्या अंगाला ठेवायचे. चित्राहुती. त्यांच्यानंतर आमच्या घरात ती कुणी घातली नाही. मी आजींना खुणेने विचारलं, कुणासाठी? त्यांनी वर बोट दाखवलं, मग डोंगराकडे, मग खाली मातीकडे. भाच्याने त्यांच्यासारखंच बोट चहात बुडवून उडवलं, आणि सगळ्या बायकांनी त्याला शाबासकी दिली.

परत येताना त्याला ओढ्यात एक काळा गोल दगड सापडला. दगड दुभंगलेला, आत शिंगासारखी वळलेली, कंगोऱ्यांची गुंडाळी. घरी देव्हाऱ्यात आजोबांचा शाळिग्राम आहे, तो हातात घेऊन वाढलेलं पोर, लगेच म्हणालं, "आत्या, शाळिग्राम!" बरोबर होतं त्याचं. नेपाळातल्या गंडकीत सापडणारे शाळिग्राम आणि लांगझाचे हे दगड, दोन्ही एकाच प्रकारच्या समुद्री जिवाचे, अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म. हिमालय उभा राहायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता. त्याचा तळ उचलला गेला, तोच हा डोंगर. गावातली मुलं हे दगड विकायला आणतात. घेऊ नका. आम्हीही तो तिथेच ठेवून आलो.

आणि त्याच रात्री नारळी पौर्णिमा होती. समुद्राला नारळ द्यायचा दिवस.

वहिनीने नारळ काढला तर घरात खवणी नाही, विळीही नाही. उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडला. पाणी पेल्यात धरलं आणि आधी आजींना दिलं. त्यांनी पुन्हा तेच केलं, बोट बुडवून तीन वेळा थेंब उडवले, आणि मग घोट घेतला. खोबऱ्याचे सुरीने काप केले, ते आजींनी दगडी उखळात कांडून दिले. तांदळाचं खरं अवघड. एवढ्या उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात भात दाणादाणाच राहतो. दीदींनी कुकर काढला आणि आम्ही घरी घेतो त्याच्या दुप्पट शिट्ट्या घ्यायला लावल्या. गूळ भात शिजल्यावरच घातला, आधी पडला तर तो तांदूळ कुठेच शिजत नाही, समुद्रकाठी तरी कुठे शिजतो. तुपाऐवजी त्यांच्या घरचं लोणी. वास थोडा उग्र आला, चव मात्र छान लागली. दीदींनी पहिली वाटी भरून घरातल्या देवखोलीत नेऊन ठेवली, मग सगळ्यांनी खाल्लं. आजींनी दोनदा घेतला. मी शेगडीपाशीच दादाला राखी बांधली. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दीदी कुतूहलाने बघत होत्या, मग त्यांनी आतून एक पांढरी खतग, म्हणजे मानाचा उपरण्यासारखा पट्टा, आणली आणि दादाच्या गळ्यात घातली. बाहेर चांदणं इतकं होतं की शेतातल्या मटाराच्या ओळी मोजता आल्या असत्या.

तुम्ही विचारताय ती परंपरा ही. ती शेगडीच्या जवळ, शेताच्या बांधावर आणि उखळापाशी असते. आठ वाजता सुरू होऊन नऊला संपत नाही.

आता दादाच्या मुद्द्याचं. तो आजही म्हणतो, आईला तो फोटो आवडला होता, तिने तो जपून ठेवलाय, मग लांगझाच्या बाईला वाईट वाटलं हे तू कशावरून ठरवलंस? प्रश्न योग्य आहे, म्हणून काझाला उतरल्यावर मी आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "फोटो चांगला आला होता गं. पण मी नेसायला गेले तोवर उकड गार झाली. एकवीसमधले नऊ मोदक फुटले. त्या बाईंनी खाल्ले, काही बोलल्या नाहीत, पण मला ते वाढताना कसंतरीच झालं." दादा, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं आणि तू म्हणालास, नऊ मोदकांचं काय एवढं. आईच्या हातचा मोदक फुटत नाही अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती. तिला ज्याचा अभिमान होता तेच त्या दिवशी बिघडलं, आणि त्याचेच पैसे तिला मिळाले. लांगझाच्या दीदींची त्या संध्याकाळी दोन पोती भरायची राहिली. ती त्यांनी आमचं जेवण झाल्यावर, विजेरीच्या उजेडात भरली. मी आवाज ऐकून बाहेर गेले तेव्हा दिसलं.

तर घर निवडताना एवढंच बघा: पाहुण्यांचं जेवण घरच्यांच्या स्वयंपाकघरात, घरच्यांबरोबर होतं का. वेगळी डायनिंग रूम असेल तर ते हॉटेल आहे. संडास कोरडा असेल, वापरल्यावर फावडंभर माती टाकायची. नाक मुरडू नका, त्याचंच सोनखत होऊन शेतात जातं, आणि त्यावरच तो मटार येतो. पाणी मोजून वापरा. पैसे सांगतील तेवढे द्या, घासाघीस करू नका. आमच्या आईशी शंभर रुपयांसाठी भांडून, जाताना दीडशेच्या कोकमाच्या बाटल्या घेणारे लोक मी पाहिलेत. रोख जवळ ठेवा. सोबत मेथीचे ठेपले आणि फरसाणाची पिशवी नेऊन तीच रोज खाणार असाल, तर स्पिती कशाला, कुठेही जा.

वाटेबद्दल: शिमल्याकडून जा. रामपूर, कल्पा, नाको, ताबो असं चढत गेलं की शरीराला सवय होते. ताबोला एक दिवस थांबा, तिथला मठ ९९६ सालचा आहे आणि आतल्या भिंतींवरची चित्रं घाईने बघण्याची नाहीत. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लोक मनालीहून एका दिवसात काझा गाठतात, तेही थेट कुंझुम खिंडीवरून, साडेचार हजार मीटर. पहिल्याच दिवशी. डोकं फुटायला लागल्यावर मग होमस्टेवाल्यांना उठवतात. ऑक्टोबरात बर्फ पडून कुंझुम कधीही बंद होऊ शकतो, हाही मुद्दा आहेच.

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्यापैकी कुणाला रक्तदाब, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांगझासारख्या गावात रात्र काढू नका, आधी काझाला दोन रात्री राहा. विरळ हवेचा त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय आहे, सहन करत पडून राहू नका. आणि मी नाचाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. मठांमधलं छाम, म्हणजे लामांचं मुखवटे घालून केलेलं नृत्य, ठरलेल्या तिथीला होतं, सगळं गाव येतं, त्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर मागे बसून जरूर बघा. कुणाकडे लग्न असेल आणि बोलावलं तर जा. काही गावांत तरुण मुलंमुली आपणहून पाहुण्यांसाठी कार्यक्रम करतात, त्यांची इच्छा असेल तर माझी ना नाही. थकून शेतावरून आलेल्या बाईला फक्त कपडे बदलायला लावू नका.

तुम्ही जाल तेव्हा मटार संपलेला असेल, जवही कापून झालेलं. पण पहिल्या मोठ्या बर्फाच्या आत गवत आणि जळण छपरावर रचून ठेवायचं काम सगळीकडे चालू असतं. खालून वर पेंढ्या द्यायला एक माणूस नेहमीच कमी पडतो. तीनदा विचारा.